पटवाऱ्याच्या मुलाने लिहिलेले जनुक

धाराशिव (प्रतिनिधी) : पेशीतील आनुवंशिक द्रव्याची एखादीच जागा निवडायची आणि नेमके तेथेच ते कापायचे, ही गोष्ट आज जगभरातील प्रयोगशाळांत नित्याची झाली आहे. या कामाला कात्री लागते आणि त्या कात्रीला जागा दाखवणारा एक लहानसा धागाही लागतो. कात्री निसर्गाने जिवाणूंना फार पूर्वीच देऊन ठेवली होती. जागा दाखवणारा धागा मात्र माणसाला स्वतः तयार करावा लागला. हव्या त्या अक्षरांचा आणि हव्या त्या क्रमाचा असा धागा रसायनशाळेत विणण्याची विद्या ज्या मोजक्या शास्त्रज्ञांनी उभी केली, त्यांत डॉ. हरगोविंद खुराना यांचे नाव अग्रभागी आहे.

भारतात जन्मलेले नोबेल पारितोषिक विजेते, एवढीच खुराना यांची ओळख आपल्या पाठ्यपुस्तकांतून होते. १९६८ हे साल विद्यार्थी पाठ करतात आणि पुढच्या नावाकडे वळतात. या माणसाने नेमके काय केले, ते कोणत्या परिस्थितीतून केले आणि ते भारतात का होऊ शकले नाही, हे प्रश्न बहुधा मागे राहतात. ९ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या वर्षांत जनुकांच्या कापणीचे शास्त्र झपाट्याने पुढे गेले आणि त्याबरोबर खुराना यांच्या कामाचे मोलही अधिक ठळकपणे दिसू लागले.

विस्तव मागायला जाणारा मुलगा

पंजाबातील मुलतान जिल्ह्यात रायपूर नावाचे जेमतेम शंभर वस्तीचे खेडे होते. आज हा भाग पाकिस्तानात आहे. या खेड्यात खुराना यांचा जन्म झाला. जन्मतारखेची खात्रीलायक नोंद नव्हती. कागदोपत्री ९ जानेवारी १९२२ ही तारीख लागली आणि पुढे तीच कायम राहिली. एक बहीण आणि चार भाऊ अशा पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील गणपतराय हे ब्रिटिश सरकारचे पटवारी होते. मराठवाड्याच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. निजामाच्या अमलात येथेही गावचे दप्तर पटवाऱ्याच्याच हाती असे आणि जमिनीची नोंद, सारा, पीकपाणी हे सारे त्याच्या लेखणीतून उतरत असे. पटवाऱ्याच्या घरात सुबत्ता असेलच असे नाही, परंतु अक्षरओळख मात्र हमखास असे. रायपुरात तर खुराना यांचे कुटुंब हे जवळजवळ एकमेव साक्षर कुटुंब होते.

गणपतरायांनी मुलांच्या शिक्षणाचा ध्यास घेतला होता. गावात शाळा सुरू व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली. हरगोविंदांची पहिली चार वर्षे झाडाखाली भरणाऱ्या वर्गात गेली. पहाटे उठून कोणाच्या घरातून धूर निघतो आहे ते पाहावे आणि तेथून चुलीसाठी विस्तव मागून आणावा, हे त्यांचे लहानपणीचे रोजचे काम होते. काडेपेटीही जपून वापरण्याचे ते दिवस. आपल्याकडील जुन्या पिढीला हे चित्र परके वाटणार नाही.

पुढचे शिक्षण मुलतानच्या डीएव्ही हायस्कुलात झाले. तेथे रतनलाल या शिक्षकांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात प्रवेश घेताना इंग्रजी साहित्य घ्यावे की रसायनशास्त्र, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. स्वभाव कमालीचा संकोची असल्याने प्रवेशाच्या मुलाखतीचीही त्यांना धास्ती वाटे. अखेर रसायनशास्त्राची निवड झाली. १९४३ मध्ये बीएस्सी आणि १९४५ मध्ये एमएस्सी या पदव्या त्यांनी मिळवल्या. महान सिंग या अध्यापकांनी त्यांना प्रयोगाची शिस्त लावली. त्यानंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि पटवाऱ्याचा हा मुलगा इंग्लंडला निघाला.

परतीचे बंद दार

लिव्हरपूल विद्यापीठात रॉजर बीअर यांच्या मार्गदर्शनाखाली खुराना यांनी १९४८ मध्ये पीएचडी पूर्ण केली. तेथून ते झुरिक येथे व्लादिमिर प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांना कोणतेही विद्यावेतन नव्हते. शिल्लक पुंजीवर, अत्यंत काटकसरीने त्यांनी तेथे सुमारे वर्ष काढले. जर्मन भाषेतील जुनी शास्त्रीय नियतकालिके चाळताना कार्बोडायइमाइड या संयुगांविषयीची माहिती त्यांच्या वाचनात आली. त्या वेळी या संयुगांकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. दोन रेणूंमधून पाण्याचा अंश काढून घेऊन त्यांना एकमेकांशी जोडण्याचा गुण त्यांच्यात होता. खुराना यांच्या पुढील आयुष्याचे मुख्य हत्यार त्यांना अशा रीतीने विनावेतनाच्या त्या वर्षात सापडले.

दरम्यान देशाची फाळणी झाली होती. मुलतान सीमेपलीकडे गेले आणि खुराना कुटुंब निर्वासित होऊन दिल्लीत आले. १९४९ मध्ये हरगोविंद मायदेशी परतले. परदेशी विद्यापीठाची पीएचडी आणि प्रेलॉग यांच्यासारख्या नामवंताच्या हाताखालचा अनुभव त्यांच्यापाशी होता. मिळाली नाही ती नोकरी. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, निर्वासितांच्या लोंढ्यांनी गांजलेल्या देशात एका तरुण रसायनशास्त्रज्ञासाठी योग्य जागा निघू शकली नाही. त्या वेळी देशापुढचे प्रश्न किती बिकट होते हे लक्षात घेतले तरी परिणाम बदलत नाही. काही महिन्यांतच केंब्रिजची पाठ्यवृत्ती मिळाली आणि खुराना पुन्हा इंग्लंडला गेले. ते पुढे भारतात स्थायिक झालेच नाहीत.

केंब्रिजमध्ये जॉर्ज केनर आणि अलेक्झांडर टॉड यांच्या सहवासात त्यांची केंद्रकाम्लांशी, म्हणजे डीएनए आणि आरएनए या द्रव्यांशी गाठ पडली. या रेणूंच्या घटकांची रासायनिक रचना आणि त्यांची जोडणी हा टॉड यांचा विषय होता. खुराना यांना आयुष्यभराचे काम मिळाले.

व्हँकुव्हरचे स्वातंत्र्य

१९५२ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथून बोलावणे आले. ब्रिटिश कोलंबिया संशोधन परिषदेच्या गॉर्डन श्रम यांनी त्यांना जागा देऊ केली. साधनसामग्री बेताची होती, पण आपल्या मनाप्रमाणे काम करण्याची पूर्ण मोकळीक होती. त्याच वर्षी स्विस तरुणी एस्थर सिबलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घरदार, गाव आणि देश सोडून सतत फिरत राहिलेल्या या माणसाच्या आयुष्यात एस्थर यांच्यामुळे स्थैर्य आले. ज्युलिया, एमिली आणि डेव्ह ही त्यांची तीन मुले.

व्हँकुव्हरमध्ये कार्बोडायइमाइडचा उपयोग करून खुराना यांनी पेशीतील ऊर्जेचे चलन मानल्या जाणाऱ्या एटीपीसारख्या रेणूंच्या निर्मितीच्या पद्धती बसवल्या. १९५९ मध्ये जॉन मॉफट यांच्यासह त्यांनी कोएन्झाइम ए हा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत तयार केला आणि जगाचे लक्ष या छोट्या प्रयोगशाळेकडे वळले.

याच काळात केंद्रकाम्लाचा धागा विणण्याचे काम सुरू झाले. त्यातील अडचण समजून घेण्यासारखी आहे. डीएनए हा चार अक्षरांचा धागा आहे. ए, टी, जी आणि सी ही ती अक्षरे. प्रत्येक अक्षराचा घटक, म्हणजे न्यूक्लिओटाइड, पुढच्या घटकाला ठराविक ठिकाणीच जोडला गेला पाहिजे. परंतु प्रत्येक घटकावर जोडणी होऊ शकेल अशा अनेक जागा असतात. नुसते मिश्रण केले तर कोण कोणाला कोठे चिकटेल याचा नेम नसतो. यावर उपाय म्हणजे नको त्या जागा तात्पुरत्या झाकून ठेवायच्या, हवी ती जोडणी करून घ्यायची आणि मग झाकण काढून पुढचे अक्षर जोडायचे. बांधणी आणि रंगाईचे काम पाहिलेल्यांना ही युक्ती चटकन कळेल. कापडाचा जो भाग रंगवायचा नसेल तो आधी बांधून ठेवतात, तसाच हा प्रकार.

ही झाकणे शोधण्यात खुराना आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे गुंतले होते. झाकण पक्के बसले पाहिजे आणि काढताना धागा तुटता कामा नये, अशा दोन्ही अटी पाळणारे संयुग सहजी मिळत नव्हते. १९५६ मध्ये मायकेल स्मिथ हे तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याकडे आले. या गटाने डायमिथॉक्सीट्रायटिल नावाचे झाकण प्रचारात आणले. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आज डीएनएचे धागे आपोआप विणणाऱ्या यंत्रांत हेच झाकण वापरले जाते. अशा काही अक्षरांच्या आखूड धाग्यालाच ऑलिगोन्यूक्लिओटाइड म्हणतात.

चौसष्ट शब्दांचा कोश

१९६० मध्ये खुराना अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विकर संशोधन संस्थेत गेले. त्या सुमारास जीवशास्त्रातील सर्वांत मोठे कोडे सोडवण्याची चढाओढ लागली होती. डीएनएमधील चार अक्षरांचा मजकूर वाचून पेशी प्रथिने कशी बनवते, हे ते कोडे. प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द धरला तर चार अक्षरांपासून चौसष्ट शब्द होतात. कोणत्या शब्दाचा अर्थ कोणते अमिनो आम्ल, हे कोणास ठाऊक नव्हते.

१९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख माथाई यांनी यू या एकाच अक्षराची माळ असलेला आरएनए वापरून पहिला शब्द उलगडला. आरएनएमध्ये टीच्या जागी यू हे अक्षर असते. पुढचे शब्द सोडवायचे तर अक्षरांचा क्रम अचूक माहीत असलेले धागे हवे होते आणि ते खुराना यांच्या प्रयोगशाळेत तयार होत होते. त्यांनी चौसष्टही शब्द रासायनिक रीतीने तयार केले. शिवाय ठराविक अक्षरे पुन्हा पुन्हा येणारे लांब धागेही बनवले. यू आणि सी ही अक्षरे आलटून पालटून असलेला धागा वाचून सेरीन आणि ल्युसीन ही अमिनो आम्ले आलटून पालटून जोडली गेली. तीन अक्षरांचा शब्द असतो, याचा हा स्वच्छ पुरावा होता. काही धाग्यांपासून लांब प्रथिन तयारच होईना. त्यातून पूर्णविरामाचे काम करणाऱ्या शब्दांना दुजोरा मिळाला. चौसष्टांपैकी एकसष्ट शब्द अमिनो आम्लांचे आणि तीन शब्द थांबण्याच्या खुणेचे, असा पूर्ण कोश हाती आला.

या कार्यासाठी १९६८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना विभागून देण्यात आले. दोन वर्षे आधी, १९६६ मध्ये, खुराना यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले होते. भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. वीस वर्षांपूर्वी ज्यांना या देशात जागा मिळाली नव्हती, त्यांचा सन्मान करताना देशाला अभिमान वाटला. तो अभिमान खराच होता, पण तो उशिरा आलेला होता, हेही तितकेच खरे.

जनुकाची जुळवाजुळव

नोबेलनंतर अनेकांचा वेग मंदावतो. खुराना यांनी मात्र त्याहून अवघड काम आधीच हाती घेतले होते. कोश सापडला, आता संपूर्ण जनुक स्वतः लिहायचे असा त्यांचा संकल्प होता. यीस्टमधील अॅलनिन आरएनएचे जनुक त्यांनी निवडले. त्या आरएनएतील अक्षरांचा क्रम हॉली यांनी शोधून काढलेला होता. सत्त्याहत्तर अक्षरजोड्यांचे हे जनुक सलग विणणे तेव्हाच्या रसायनशास्त्राला शक्य नव्हते. म्हणून आखूड तुकडे विणायचे, त्यांची टोके एकमेकांवर येतील अशी योजना करायची आणि मग डीएनए लायगेज या विकराच्या मदतीने सांधे जुळवायचे, अशी पद्धत त्यांनी अवलंबली. विकर म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन. १९७० मध्ये हे जनुक तयार झाल्याची घोषणा झाली. त्याच वर्षी ते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजेच एमआयटीमध्ये, रुजू झाले.

पहिले जनुक तयार झाले खरे, पण जिवंत पेशीत ते काम करील अशी सोय त्यात नव्हती. जनुक कोठे वाचायला सुरुवात करावी आणि कोठे थांबावे हे सांगणारा मजकूर त्याच्या मागेपुढे लागतो. ही उणीव पुढच्या जनुकात भरून काढण्यात आली. ई. कोलाय या जिवाणूतील टायरोसीन आरएनएचे एकूण २०७ अक्षरजोड्यांचे जनुक तयार झाले आणि ते जिवंत जिवाणूत काम करते, हे १९७६ मध्ये जाहीर करण्यात आले. सबंध मजकूर माणसाने लिहिलेला आणि पेशीने तो आपला मानून वाचलेला, असा हा प्रसंग होता.

धागा आणि कात्री

या दुसऱ्या जनुकात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९७० च्या सुमारास जिवाणूंमधील कात्रीसारख्या विकरांचा उलगडा होऊ लागला होता. त्यासाठी वर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना १९७८ मध्ये नोबेल मिळाले. यांतील प्रत्येक विकर ठराविक अक्षरांचा क्रम दिसला की तेथेच डीएनए कापते. खुराना यांच्या गटाने आपल्या जनुकाच्या दोन्ही टोकांना इको आर वन या विकराच्या कापणीशी जुळणारी अक्षरे लिहून ठेवली. त्यामुळे त्याच विकराने कापलेल्या दुसऱ्या डीएनएमध्ये हे जनुक नेमके बसवता आले. कापणीच्या जागेची अक्षरे माणसाने स्वतः लिहून जोडली, त्याचे हे एक आरंभीचे उदाहरण.

तरीही या कात्रीला एक मर्यादा होती. तिची अक्षरे निसर्गाने ठरवलेली. आपल्याला हव्या त्या जागी ती अक्षरे नसतील तर कात्री तेथे चालत नाही. मग कात्रीलाच हव्या त्या जागेचा पत्ता देता येईल का, असा विचार पुढे आला. केंद्रकाम्लाच्या दोन धाग्यांतील अक्षरे एकमेकांना ओळखतात. एसमोर टी आणि जीसमोर सी, असा तो नियम. तेव्हा लक्ष्याशी जुळणारा आखूड धागा विणायचा आणि त्यात असा रासायनिक बदल करायचा, की तो आपल्या जोडीदाराला शोधून तेथे घाव घालील किंवा घालवील.

सायबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे नीना ग्रिनेवा यांनी १९६० च्या दशकातच अशा क्रियाशील गट जोडलेल्या धाग्यांची कल्पना मांडली होती. १९७८ मध्ये अमेरिकेत पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी तेरा अक्षरांचा धागा वापरून एका विषाणूची वाढ रोखून दाखवली. असा डीएनएचा धागा आरएनएवर जाऊन बसला की आरएनएज एच हे पेशीतीलच विकर नेमका तेथे आरएनए कापते, हे पुढे स्पष्ट झाले. साधा धागा मात्र शरीरात टिकत नाही. त्याचा लगेच फडशा पडतो. म्हणून धाग्याच्या कण्यातील ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसवण्याची युक्ती कामी आली. अशा बदललेल्या धाग्यापासून बनलेल्या पहिल्या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. डोळ्यातील एका विषाणूसंसर्गावरचे ते औषध होते. त्याआधी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात पीटर डर्व्हन यांच्या गटाने धाग्याला लोहाचा अणू धरून ठेवणारा गट जोडला आणि दुहेरी डीएनए ठरलेल्या जागी रासायनिक रीतीने कापून दाखवले. तेथे विकराचीही गरज उरली नाही.

२०१२ मध्ये क्रिस्पर तंत्र जगापुढे आले. त्यात कॅस ९ हे विकर कात्रीचे काम करते आणि सुमारे वीस अक्षरांचा आरएनए तिला जागा दाखवतो. धागा बदलला की कात्रीची जागा बदलते. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांना त्यासाठी २०२० मध्ये नोबेल मिळाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने या तंत्रावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. तो सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्तरोगांवरचा आहे. विदर्भ आणि खानदेशच्या आदिवासी भागांत सिकलसेलने किती घरे पोखरली आहेत हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठरवण्यात आली. शास्त्र पोहोचले तरी उपचार पोहोचायला अजून मोठा पल्ला आहे.

यांपैकी क्रिस्पर किंवा गंधकयुक्त धागे हे खुराना यांचे शोध नव्हेत, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु या साऱ्यांना लागणारा धागा अक्षर-अक्षर जोडून तयार करता येतो, ही खात्री त्यांच्या प्रयोगशाळेने दिली. त्यांच्याकडे काम केलेल्या मार्विन कारूदर्स यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ही जोडणी जलद करणारी पद्धत शोधली आणि यंत्रे धागे विणू लागली. मायकेल स्मिथ यांनी आखूड धाग्याच्या साह्याने जनुकातील हवे ते अक्षर बदलण्याची रीत १९७८ मध्ये दाखवली आणि १९९३ मध्ये नोबेल मिळवले.

फलटणच्या मेंढ्यांपर्यंत

हे सारे परदेशी प्रयोगशाळांपुरतेच आहे असे मानण्याचे कारण नाही. धाराशिवच्या पशुपालकांना उस्मानाबादी शेळीचा अभिमान आहे तो तिच्या काटकपणाइतकाच तिला होणाऱ्या जुळ्या करडांमुळे. दख्खनी मेंढी मात्र बहुधा एकाच कोकराला जन्म देते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात बंगालच्या सुंदरबनातील गॅरोल मेंढीतून जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम हाती घेतले. फेक-बी नावाच्या या जनुकात आणि नेहमीच्या जनुकात केवळ एका अक्षराचा फरक आहे. तो फरक २००१ मध्ये उघड झाला.

कोकरू लहान असतानाच ते हे जनुक घेऊन जन्मले आहे की नाही, हे कळणे आवश्यक होते. त्यासाठी वापरली जाणारी चाचणी मोठी चतुर आहे. तपासणीसाठी वापरायच्या आखूड धाग्यात एक अक्षर मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. त्यामुळे जुळ्यांचे जनुक असेल तरच तयार होणाऱ्या डीएनएमध्ये अव्हा टू या विकराला हवा असलेला क्रम उमटतो आणि १९० अक्षरजोड्यांचा तुकडा कापला जातो. जनुक नसेल तर तो अखंड राहतो. रक्ताच्या थेंबावरून मेंढपाळाला कोणता नर राखावा हे कळते. धाग्यात केलेला एक अक्षराचा बदल आणि त्यामुळे ठरलेली कापणी, ही खुराना यांच्या परंपरेतील विद्या अशा रीतीने माणदेशाच्या माळावर उतरली.

अखेरचा काळ

खुराना स्वतः तोपर्यंत वेगळ्याच विषयात रमले होते. डोळ्याच्या पडद्यावर पडलेला प्रकाश ओळखणारे रोडॉप्सिन हे प्रथिन आणि त्याच्याशी नाते सांगणारे जिवाणूंमधील प्रथिन यांचा अभ्यास त्यांनी एमआयटीत पुढची तीन दशके केला. पन्नाशीत नवा विषय घेऊन पुन्हा विद्यार्थी होण्याची त्यांची तयारी होती. प्रसिद्धीपासून ते कटाक्षाने दूर राहिले. लांबवर फिरायला जाणे, पोहणे आणि काम, असा त्यांचा दिनक्रम असे. १९७९ मध्ये कन्या एमिली आणि २००१ मध्ये पत्नी एस्थर यांच्या मृत्यूचे दुःख त्यांना सोसावे लागले. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कर्ड येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

विस्कॉन्सिन विद्यापीठ, भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि भारत-अमेरिका विज्ञान तंत्रज्ञान मंच यांनी २००७ मध्ये त्यांच्या नावाने एक उपक्रम सुरू केला. त्यातून भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकी प्रयोगशाळांत काम करण्याची संधी मिळाली. जाण्याची सोय त्यामुळे झाली. खुराना यांच्या आयुष्यातील अडचण मात्र जाण्याची नव्हतीच. शिष्यवृत्ती त्यांना पारतंत्र्यातही मिळाली होती. अडचण होती ती परत आल्यावरची.

धाराशिवसारख्या जिल्ह्याची नोंद २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांत केली. येथील मुलेही आज जैवतंत्रज्ञान आणि रसायनशास्त्र शिकतात, पुण्या-मुंबईला आणि त्याही पलीकडे जातात. त्यांतील एखादा परत येऊ म्हणेल, तेव्हा त्याच्यासाठी प्रयोगशाळेत एक जागा, थोडे साहित्य आणि व्हँकुव्हरसारखी मोकळीक तयार असेल का, हा प्रश्न खुराना यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवते. शंभर वस्तीच्या गावात एका पटवाऱ्याने शाळेसाठी खटपट केली आणि तिचे फळ जगाला मिळाले. १९४९ मध्ये दिल्लीत तशीच खटपट कोणी केली असती, तर जनुकाची पहिली अक्षरे कदाचित याच देशात जुळली असती.